कॉइल कापायची कुठे? नंदुरबारच्या पत्रा-उद्योगापुढचा यंत्रखरेदीचा हिशेब

हजिऱ्याचा पोलाद कारखाना गुजरातेत आहे, पण नवापूरच्या कारखानदाराला तो रायगडातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यापेक्षा जवळचा. पूर्वी एस्सारचा असलेला हा कारखाना डिसेंबर २०१९ मध्ये आर्सेलर-मित्तल आणि निप्पॉन स्टीलच्या संयुक्त कंपनीकडे गेला. तिथे पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या, म्हणजे कॉइल, भरलेला ट्रेलर बारडोली, व्यारा, सोनगड करत कोंडाईबारीचा घाट न चढता नवापुरात येतो. तोच माल कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणायचा म्हटला, तर एक तर कसारा चढून नाशिक-धुळ्यावरून यायचे, नाहीतर वापीवरून शेवटी सुरतेच्याच वाटेला लागायचे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला उद्योगाच्या नकाशावर कायम शेवटच्या ओळीत बसवतात. सपाट पोलादाच्या बाबतीत मात्र त्याची जागा वाईट नाही, आणि इथे कॉइलवर प्रक्रिया करणारी यंत्रे घ्यावीत का, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

मागणी आधी पाहू. सातपुड्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कौले आणि गवताची छपरे मागे पडून पत्रा आला. नवापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड कारखान्यांच्या शेड आहेत, भालेरला एमआयडीसीची जागा आहे, शहाद्याकडे साखर कारखाना, जिनिंग आणि गोदामे. नंदुरबारच्या मिरचीला साठवण लागते. त्यात गेल्या दहा वर्षांत सौर ऊर्जेची भर पडली. शेजारच्या साक्री तालुक्यात महानिर्मितीचा मोठा सौर प्रकल्प आहे, राज्याची सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून चालू आहे आणि ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेमुळे शेतोशेती पॅनेलचे सांगाडे उभे राहत आहेत. छपराचा पत्रा, त्याखाली शेडला लागणारी आडवी पर्लिन, सौर सांगाड्याची सी-पट्टी, लोखंडी कपाट, खाट, धान्याची कोठी हे सगळे शेवटी कॉइलमधूनच निघते.

पोलाद म्हटले की खानदेशात लगेच जालन्याचे नाव निघते. पण जालन्याच्या भट्ट्या भंगार वितळवतात आणि बांधकामाची सळई लाटतात. तिथला अनुभव, तिथले मिस्त्री आणि तिथला नफ्याचा आकडा कॉइलच्या धंद्याला लागू पडत नाही. कॉइलवाला पोलाद बनवत नाही. तो दुसऱ्याने बनवलेला महागडा माल उलगडतो, कापतो, वाकवतो आणि टनामागे थोडी मजुरी कमावतो. एका टनाच्या किमतीपुढे ही मजुरी इतकी बारीक असते की चार-दोन टक्के माल वाया गेला तर ती पुसून जाते. म्हणून ‘कोणते यंत्र घेऊ?’ या प्रश्नाआधी ‘या साखळीत मी कुठे उभा राहू?’ हा प्रश्न येतो. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: नंदुरबारमधल्या बहुतेक नव्या कारखान्यांनी शेवटच्या कडीपासून सुरुवात करावी आणि स्लिटिंगची, म्हणजे कॉइल चिरून पट्ट्या पाडणारी, मोठी लाइन महिन्याचा टनभार सिद्ध झाल्यावरच घ्यावी.

शेवटची कडी म्हणजे रोल फॉर्मिंग. सपाट पत्रा रोलरांच्या एकामागून एक जोड्यांमधून जातो आणि हळूहळू आकार घेतो. छपराच्या पत्र्यासाठी रंगीत कॉइल बहुधा १२२० मि.मी. रुंद आणि अर्ध्या मि.मी.च्या आसपास जाड असते. तिला आधी चिरावे लागत नाही, ती थेट यंत्रावर चढते. चार-पाच टनांची कॉइल पेलणारा डिकॉइलर आणि तेवढीच क्रेन असली की काम सुरू होते. ग्राहकाला हव्या त्या लांबीचा पत्रा निघत असल्याने छपरावरचा आडवा जोड वाचतो. तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला माल न्यायचा असेल तर लांबीचा हव्यास नको. तिथली वळणे तीस फुटी पत्र्याला मानवत नाहीत.

पण यातही एक मेख आहे, आणि ती ब्रोशरमध्ये सापडत नाही. छपराचा चांगला पत्रा हल्ली ५५० मेगापास्कल ताण सोसणाऱ्या कडक पोलादाचा येतो, तर यंत्राची क्षमता बहुतेक वेळा मऊ पोलादावर मोजलेली असते. ‘०.८ मि.मी.पर्यंत चालेल’ असे लिहिलेले यंत्र कडक मालावर ०.५ लाच धापा टाकू लागते, शाफ्ट वाकतात, आकार सुटतो. सौर सांगाड्यांतही वजन वाचवण्यासाठी कडक पोलादाचा वापर वाढतो आहे. म्हणून जाडीबरोबर पोलादाची ताकदही कागदावर लिहून घ्यायची. बाजारातली बोली गेजची असते. चोवीस गेजच्या नावाखाली कोण किती जाडीचा माल देईल सांगता येत नाही. कोटेशन मागताना मिलीमीटर, जस्ताच्या थराचे वजन आणि भारतीय मानकाचा क्रमांक द्यावा. जस्तलेपित पत्र्याला आयएस २७७, त्यावरच्या रंगीत पत्र्याला आयएस १४२४६, ॲल्युमिनियम-जस्त लेप असेल तर आयएस १५९६१, गरम लाटलेल्या पट्टीला आयएस १०७९ आणि थंड लाटलेल्या पत्र्याला आयएस ५१३.

पर्लिन आणि सौर सांगाड्यांकडे वळले की खरा पेच सुरू होतो, कारण त्यांना रुंद पत्रा नको, ठरावीक रुंदीच्या पट्ट्या हव्यात. गिरणीतून निघणारी कॉइल साधारण १२५० मि.मी. रुंद, वीस-पंचवीस टनांची. ती उलगडून गोल चाकूंच्या जोड्यांमधून पार करायची, पट्ट्या पाडायच्या आणि त्या पुन्हा गुंडाळायच्या, याचे नाव स्लिटिंग. इथला सगळा नफा कागद-पेन्सिलीवर ठरतो. तुमच्या पर्लिनला ३१० मि.मी.ची पट्टी लागत असेल तर १२५० मधून चार पट्ट्या निघतात आणि दोन्ही कडांची मिळून १० मि.मी. कातरण जाते, म्हणजे ०.८ टक्के. पट्टी ३३० ची असेल तर तीनच निघतात आणि २६० मि.मी.चा तुकडा हातात उरतो. त्यातून काय बनवायचे याचे उत्तर नसेल तर मालाचा पाचवा हिस्सा पडून राहिला म्हणून समजा. यंत्र कितीही अचूक असो, हा तोटा त्याला भरून काढता येत नाही. आपल्या मालाच्या रुंदींची यादी करून त्या एकमेकींत कशा बसतात हे आधी पाहायचे. कधी कधी पर्लिनच्या कडेचा ओठ दोन मिलीमीटरने बदलला की अख्खे गणित सुधारते.

दुसरे गणित वेगाचे. मिनिटाला ६० मीटर वेगाची लाइन घेतली आणि त्यावर २ मि.मी. जाड, १२५० रुंद माल चालवला तर एका मीटरचे वजन साडेएकोणीस किलोंच्या थोडे वर येते. वीस टनांची कॉइल हजार मीटरहून जरा जास्त भरते, ती सतरा मिनिटांत संपते. विक्रेता यावरून तासाला सत्तर टन असा आकडा काढून दाखवतो. पण कॉइल चढवणे, तिचे टोक चाकूंतून पुढे नेणे, नव्या रुंदीसाठी चाकू आणि स्पेसर उतरवून पुन्हा लावणे, पट्ट्या बांधून उतरवणे, यात सतरा मिनिटांच्या कितीतरी पट वेळ जातो. ज्याच्या मागण्या लहान आणि रुंदी वारंवार बदलणाऱ्या, त्याच्यासाठी ६० आणि १२० मीटरच्या यंत्रांत जवळपास काही फरक नाही. त्याने वेगाचे पैसे चाकूंच्या दुसऱ्या तयार संचावर आणि सेटिंगच्या सोयीवर घालावेत. नंदुरबारमध्ये हेच चित्र असण्याची शक्यता अधिक.

आता स्वतःची लाइन की सुरतेत जॉबवर्क, म्हणजे मजुरी देऊन चिरून घेणे? आकडे प्रत्येकाने आपले घालावेत, मी फक्त मांडणी दाखवतो. समजा यंत्र, क्रेन आणि पाया मिळून तीन कोटींचे कर्ज झाले. दहा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता महिना सुमारे ६ लाख ३७ हजार बसतो. मजुरी, वीज, चाकूंची धार यांचे तीन लाख धरा. जॉबवर्क टाळल्याने टनामागे १२०० रुपये वाचत असतील तर महिन्याला ७८० टन चिरल्यावर बरोबरी होते. त्याखाली आपण स्वतःसाठी नाही, बँकेसाठी पट्ट्या पाडत असतो. ७८० टन म्हणजे रोज एकाहून अधिक मोठी कॉइल, सुट्ट्या वगळून, वर्षभर. इतका खप जिल्ह्यातल्या एकट्या कारखान्याचा असेल तर त्याने खुशाल लाइन घ्यावी.

यंत्राच्या प्रस्तावात एक रक्कम बहुधा नसतेच: मालात अडकणारा पैसा. जॉबवर्कवाल्याकडून चिरलेली पट्टी घेणारा दहा-वीस टनांवर भागवतो. स्वतः चिरणाऱ्याला वेगवेगळ्या जाडीच्या अख्ख्या कॉइल ठेवाव्या लागतात. टनाला ५५ हजार धरले तरी तीनशे टनांचे एक कोटी पासष्ट लाख झाले, आणि भाव टनाला पाच हजारांनी उतरला तर पंधरा लाख बसल्या जागी गेले. हे काल्पनिक नाही. मे २०२२ मध्ये केंद्राने पोलादावर १५ टक्के निर्यात शुल्क लावले, देशातले भाव घसरले, नोव्हेंबरात ते शुल्क मागे घेतले. एप्रिल २०२५ मध्ये उलट दिशेने सपाट पोलादाच्या आयातीवर १२ टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क आले. दिल्लीतल्या एका अधिसूचनेने भालेरच्या गोदामातल्या मालाची किंमत बदलते. खेळते भांडवल या झटक्यासाठी मोकळे ठेवावे लागते.

क्रेन हा निर्णय यंत्राच्याही आधीचा. वीस-पंचवीस टनांची कॉइल उचलायची तर तेवढ्या ताकदीची ईओटी क्रेन, ती पेलणारे खांब आणि उंच शेड लागते. दहा टनांची क्रेन बसवली की पुढची वीस वर्षे तुम्ही अर्ध्या कॉइलचे गिऱ्हाईक झालात, आणि गिरणीतून थेट माल घेण्याचा फायदा गेला. उलट, फक्त छपराचा पत्रा करायचा असेल तर पंचवीस टनांची क्रेन ही निव्वळ हौस. शेडचा नकाशा मंजुरीला टाकण्यापूर्वी हे ठरलेले हवे.

आणि मग जमीन. तापी खोऱ्यातली काळी माती कपाशीला, केळीला, पपईला वरदान, यंत्राच्या पायाला शाप. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. स्लिटिंग लाइनमध्ये डिकॉइलरपासून रिकॉइलरपर्यंत सगळे एका रेषेत आणि एका पातळीत राहावे लागते. पाया थोडा सरकला की पट्टी एका बाजूला वाकते आणि रोल फॉर्मिंगमधून वाकडी पर्लिन बाहेर पडते. त्यात लूपिंग पिटची भर. कॉइल मधोमध किंचित जाड आणि कडांना पातळ असते, त्यामुळे शेजारशेजारच्या पट्ट्या सारख्या गतीने गुंडाळल्या जात नाहीत. कडेच्या पट्ट्या सैल पडतात, तो सैलपणा खड्ड्यात सोडावा लागतो. पातळ मालाला आणि लांब कॉइलला हा खड्डा बराच खोल लागतो. काळ्या मातीत खोल खड्डा म्हणजे पावसाळ्यात पाणी, आणि पाणी म्हणजे जस्तलेपित पट्टीवर पांढरा गंज. माती परीक्षण, मुरमाचा भराव किंवा कठीण थरापर्यंत नेलेला पाया, खड्ड्याला जलरोधक काँक्रीट आणि पंप, हा खर्च यंत्रवाल्याच्या कोटेशनात शून्य असतो. खोदाई दिवाळीनंतर आणि वळवाची पहिली सर येण्याआधी उरकावी. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ड्राइव्हच्या पॅनेलला वातानुकूलित खोलीही द्यावी लागते. हा आणखी एक छोटा, हमखास विसरला जाणारा खर्च.

कॉइल उलगडून, सपाट करून ठरावीक लांबीचे पत्रे कापणाऱ्या लाइनबद्दल फार लिहीत नाही. कपाटे, पॅनेलबोर्ड, कुलरच्या पेट्या बनवणाऱ्यांना तिचा उपयोग, पण जिल्ह्यात असे काम विखुरलेले आहे. घ्यायचीच तर पैसे लेव्हलरवर घालावेत. पातळ पत्र्याला बारीक व्यासाचे आणि संख्येने अधिक रोलर लागतात, जाड्याला मोठे आणि कमी. दोन्ही एकाच लेव्हलरवर उत्तम होते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

यंत्र कुणाचे, याला माझ्या लेखी तिसरा क्रमांक. युरोपात इटलीची फिमी, स्पेनच्या बास्क प्रांतातली फागोर अरासाते अशी जुनी नावे आहेत. त्यांची यंत्रे मोटारींचा पत्रा कापणाऱ्या सेवा केंद्रांना शोभतात. चिनी यंत्र स्वस्त पडते, पण बिघाड झाला की पीएलसीचा कार्यक्रम कुणाकडे आहे हा प्रश्न उरतो. गुजरातेत आणि पंजाबात बनणारी यंत्रे इथल्या कामाला पुरतात. बनवणारा अहमदाबादचा असेल तर त्याचा मिस्त्री दुसऱ्या दिवशी येऊ शकतो, आणि ही सोय कोटेशनातल्या दहा टक्के फरकापेक्षा मोलाची. जुने यंत्र घेणाऱ्याने रंग पाहू नये, चाकूंचा दांडा डायल लावून फिरवून पाहावा आणि ड्राइव्हचे सुटे भाग अजून बाजारात मिळतात का हे विचारावे. चाकूंना धार कुठे लावणार, हेही खरेदीआधी ठरवायचे. त्यासाठी सुरत किंवा नाशिक गाठावे लागत असेल तर धार लावायला गेलेला संच परत येईपर्यंत लाइन उभी राहू नये एवढे चाकू जवळ हवेत.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात विकणाऱ्याच्या तोंडून चाल ऐकून कुणी पैसे मोजत नाही, घोडा पळवून बघतो. यंत्राचेही तसेच. आपली कॉइल यंत्रवाल्याच्या कारखान्यात नेऊन, आपल्या रुंदीच्या पट्ट्या पाडून, त्यांची रुंदी, कडेची बर आणि वाकडेपणा मोजून मगच यंत्र गाडीत चढू द्यावे. किती मिलीमीटरपर्यंत फरक चालेल हे करारात आकड्यात असावे. ‘उत्तम दर्जा’ या शब्दांना न्यायालयातही अर्थ नसतो. शेवटचा हप्ता, किमान दहा टक्के, आपल्या जागेवर उत्पादन सिद्ध झाल्यावर द्यायचा. यावर विक्रेता कुरकुरेल. त्याच्या यंत्राबद्दल त्या कुरकुरीतून बरेच कळते.

पैशाच्या आघाडीवर दारे आहेत. नंदुरबार हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक, आणि राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतही त्याला झुकते माप आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या विनातारण कर्जाला मिळणाऱ्या पतहमीची मर्यादा एप्रिल २०२५ पासून १० कोटी झाली. जानेवारी २०२५ मध्ये यंत्रसामग्रीसाठीच्या १०० कोटींपर्यंतच्या कर्जाला ६० टक्के हमी देणारी वेगळी योजना आली. अनुसूचित जमातीच्या उद्योजकांसाठी राष्ट्रीय एससी-एसटी हबच्या माध्यमातून यंत्रखरेदीवर २५ टक्के, कमाल २५ लाखांपर्यंत अनुदानाची योजना आखलेली आहे, आणि ज्या जिल्ह्यात दोन-तृतीयांशांहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे तिथे तिचा बोलबाला व्हायला हवा होता. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी ऑर्डर देण्याआधी करावी. अनुदाने मागाहून येतात आणि आधी घेतलेल्या पावलांवर कधी कधी अडतात. तरीही अनुदान वजा करून हिशेब बसत नसेल तर ते यंत्र घेऊ नये.

जागेचे काम त्याहून नाजूक. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पूर्णपणे आणि नंदुरबार-शहाद्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि हा कायदा योग्यच आहे. त्यातून पळवाटा काढत बसण्यापेक्षा एमआयडीसीचा भूखंड घ्यावा. वीजजोडणी, रोहित्र आणि जोडभार यांचा अर्ज महावितरणकडे यंत्राच्या ऑर्डरच्या आधी गेलेला बरा.

माणसांची अडचण लोक सांगतात तेवढी नाही. आयटीआय शिकलेली मुले आहेत, सुरत-सचिनच्या कारखान्यांत पत्रा हाताळून आलेले लोकही आहेत. त्यांना धोक्याचे शिक्षण मात्र द्यावेच लागेल. वीस टनांची गोल वस्तू पाचर नसेल तर गडगडते, ताणलेली पट्टी सुटली तर चाबकासारखी फिरते, आणि कातरणीची कडा हातमोजाही फाडते. क्रेन आणि कॉइल उचलणाऱ्या सी-हुकची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा तपासणी ही कागद भरण्यापुरती करण्याची बाब नाही.

आता पुन्हा त्या ७८० टनांकडे. जिल्ह्यात एकट्याने एवढा माल चिरणारा कारखाना उभा राहायला वेळ लागेल, पण नवापूर, नंदुरबार आणि दोंडाईचा मिळून पाच-सात रोल फॉर्मिंगवाले एकत्र आले तर तो आकडा आवाक्यात येतो. केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्राला अनुदान आहे, राज्याचीही तशी योजना आहे. नवापूरला एक सामायिक स्लिटिंग लाइन, पंचवीस टनांची एक क्रेन, आणि प्रत्येकाची आपापली रोल फॉर्मिंग यंत्रे, अशी रचना या जिल्ह्याला बसते. एकमेकांचे गिऱ्हाईक पळवण्याच्या भीतीने हे आजवर रखडत असेल, तर त्या भीतीची किंमत प्रत्येक जण सुरतेला जॉबवर्कचे बिल भरून चुकवत आहे. ज्यांच्याकडे आज पत्र्याचे काम आहे त्यांनी आपला गेल्या वर्षीचा खप जाडी, रुंदी आणि टनांसह एका कागदावर उतरवून जिल्हा उद्योग केंद्राच्या पुढच्या बैठकीला घेऊन जावे.